उकडे तांदूळ विकायचे असतील तर: महिला बचत गटांसाठी टोपापासून पाकिटापर्यंत

गिरणीतून आलेली गोणी ओतली, सुपात निम्मी कणी दिसली, की कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुठल्याही गटात एकच वाक्य ऐकू येतं: "गिरणवाल्यान सगळे तांदूळ फोडल्यान!" पहिल्या वर्षी आम्हीही तेच म्हणालो होतो आणि दुसऱ्या गिरणीत गेलो होतो. तिथेही कणी तेवढीच पडली. मग एका जुन्या गिरणवाल्याने मूठभर भात (तुसासकटचं धान्य) हातावर चोळून सोललं, दाणे उजेडासमोर धरले आणि दाण्यादाण्यातली आडवी रेघ दाखवली. भात गिरणीत शिरण्याआधीच तडकलेलं होतं. तांदूळ खळ्यावर फुटतो, गिरणीत तो फक्त दिसतो.

घरच्या पेजेला कणी चालते, उलट पेज दाट होते. विक्रीला ती चालत नाही. उकडा तांदूळ म्हणजे भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तांदूळ. खाली दिलेली पद्धत सिंधुदुर्ग-गोव्यातल्या उकड्या तांदळाची, चाळीस किलोच्या एका घाण्याची (खेपेची) आहे. टप्पे याच क्रमाने करा. एखादा गाळला तर पुढचा कितीही नीट केला तरी ती चूक भरून निघत नाही.

## आधी काय जमवायचं, आणि काय घ्यायचं नाही

बहुतेक गट सुरुवात उलटी करतात. कर्जाची गोष्ट निघाली की पहिली मागणी मिनी राईस मिलची. गिरण सगळ्यात शेवटी घ्या, किंवा घेऊच नका, जवळची भाड्याने वापरा. आधी लागतं ते हे:

- शंभर लिटरचा जाड बुडाचा टोप, शक्यतो स्टीलचा. तांब्याचं जुनं भाण असेल तर त्याला आतून कल्हई हवी.
- टोपाच्या बुडापासून वीतभर वर बसेल अशी छिद्रांची जाड स्टीलची जाळी, खाली पाय असलेली. लोहार किंवा फॅब्रिकेशनवाला करून देतो. छिद्र दाण्यापेक्षा बारीक हवं.
- दोन मोठे टब, वजनकाटा, घट्ट झाकणाची काचेची बरणी, सुती जाळीची एक छोटी पिशवी.
- डेअरीत वापरतात तसा थर्मामीटर. तो नसला तरी चालेल, युक्ती पुढे आहे.
- वाळवायची जागा. एका घाण्याला साधारण चाळीस चौरस फूट.

ही शेवटची गोष्ट आधी मोजा. दिवसाला किती घाणे घ्यायचे हे टोप ठरवत नाही, खळं ठरवतं. खळ्यात तीन घाण्यांची जागा असताना पाच घाणे काढले की थर जाड होतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

भांडवलासाठी: प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (२०२० पासून) कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद ठेवलेली आहे. सध्या अर्ज घेतायत का, ते उमेदच्या (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) तालुक्यातल्या ताईंना आधी विचारा. यंत्राचं कोटेशन त्यानंतर आणा.

## टप्पा १: भात निवडणं

एका घाण्यात एकच जात, एकाच मळणीचं भात. जया, ज्योती, रत्नागिरीची एखादी जात, किंवा घरचं लाल भात. काहीही असो, मिसळायचं नाही. जाड दाणा आणि बारीक दाणा सारख्या वेळात भिजत नाहीत. मिसळलं की एक अर्धकच्चा राहतो, दुसरा उकलून बाहेर येतो.

कापणी उशिरा झालेलं भात विक्रीसाठी घेऊ नका. लोंबीतले साधारण ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करायची. बुडाचे चार दाणे हिरवे असले तरी असू देत. ते पिकायची वाट बघत बसलं, तर वरचे दाणे दिवसा उन्हात तापतात, रात्री दवात भिजतात आणि उभ्या शेतातच तडकतात. परतीच्या पावसात आडवं पडलेलं, किंवा ओल्या पेंढ्यांच्या उडवीत तापलेलं भात घरी ठेवा. उकडल्यावर त्याचा पिवळेपणा आणखी उठतो.

तपासणी. भात कोरडं आहे ना? मीठ तव्यावर भाजून कोरडं करा. थंड झाल्यावर बरणीत पाव भाग मीठ, वर तेवढंच भात घाला. मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, आधी वाळवा. बरणी कोरडी हवी. धुऊन लगेच वापरलेली बरणी खोटं बोलते.

## टप्पा २: वारवणं आणि धुणं

आधी वाऱ्यावर वारवून घ्या. मग टबात पाणी भरून भात थोडं थोडं सोडा आणि हाताने ढवळा. वर तरंगतं ते पळिंज (पोकळ दाणे) आणि काडीकचरा, झाऱ्याने काढा. खडे मात्र भातासोबत बुडतात, म्हणून दुसऱ्या टबात भात रोळून घ्यायचं आणि तळाशी उरलेला ओंजळभर गाळ टाकून द्यायचा. ही शेवटची ओंजळ वाचवायचा मोह होतो. एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला की पुढची दहा पाकिटं परत येतात, हे लक्षात ठेवून टाका.

पाणी दोन-तीनदा बदला. शेवटचं पाणी जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे.

या टप्प्यावर जाळीच्या पिशवीत बरोबर १ किलो भात वेगळं बांधा. धुतलेलं नाही, त्याच राशीतलं वारवलेलं कोरडं भात. पिशवी सैल बांधा, दाणा फुगतो. ही पिशवी शेवटपर्यंत घाण्यासोबत राहणार आहे. ओल मोजायचं आमचं यंत्र तीच.

## टप्पा ३: गरम पाण्यात भिजवणं

आपल्याकडची जुनी रीत: संध्याकाळी भाणात भात आणि पाणी, खाली चुडतं-सोडणं (माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सालं) पेटवून पाणी कढत करायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पाणी काढून पुन्हा वाफ द्यायची. रीत मुळात चांगली आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी: विस्तवावर राहून खालचं भात शिजतं, आणि रात्रभर कोमट झालेल्या पाण्याला आंबूस वास धरतो. थंड पाण्यात दोन-दोन दिवस भिजत घातलेल्या भाताची तर गोष्टच नको. तो वास वाफेने जात नाही आणि वाळवूनही जात नाही.

गरम पाण्यात भिजवायची सुधारित पद्धत म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने बसवली. गावच्या टोपात ती अशी करायची:

१. चाळीस किलो भाताला पन्नास लिटर पाणी. पाणी ८५ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर चार कळशा खळखळ उकळतं पाणी आणि एक कळशी साधं पाणी एकत्र करा. ते ८५च्या आसपास येतं.

२. विस्तव बाजूला ओढा. भात आणि जाळीची पिशवी पाण्यात सोडा, लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून एकदा ढवळा. भात थंड असल्याने पाणी आपोआप ७० अंशांच्या जवळ उतरतं. आपल्याला तेवढंच हवं.

३. झाकण ठेवा, वर गोणपाट घाला. चार तास. लाल किंवा जाड दाण्याला पाच-सहा लागतात.

सावध. भिजताना टोपाखाली जाळ ठेवू नका. "जरा ऊब राहू दे" म्हणून ठेवलेल्या निखाऱ्याने खालचा थर फुटतो, पाणी पेजेसारखं होतं.

तपासणी. पाच-सहा दाणे वेगवेगळ्या थरांतून काढा, सोला, नखाने मधोमध तोडा. मधोमध खडूसारखा कोरडा पांढरा ठिपका असेल तर अजून अर्धा तास. दाणा आरपार सारखा दिसला की पाणी पूर्ण काढा. हे पाणी दुसऱ्या घाण्याला वापरायचं नाही. थंड करून माडाच्या बुडाशी ओता.

## टप्पा ४: वाफ

टोप धुवा, जाळी बसवा, जाळीच्या दोन बोटं खाली राहील एवढंच पाणी घाला. पाणी जाळीच्या वर आलं तर खालचं भात वाफलत नाही, शिजतं. पाणी उकळायला लागल्यावरच भात भरा, दाबू नका. मधोमध बांबूची काठी उभी ठेवून भरा आणि मग काठी काढा. वाफेला वर यायला वाट मिळते. वर ओलं गोणपाट, त्यावर झाकण.

घड्याळ लावायचं ते वरच्या थरातून भरपूर वाफ यायला लागल्यावर, जाळ पेटवल्यावर नाही. तिथून पंधरा ते वीस मिनिटं. पश्चिम आफ्रिकेत बेनिन, नायजेरियाकडेही भात उकडायचं काम बहुतेक बायकांच्याच हाती असतं, आणि तिथे झालेली मोठी सुधारणाही हीच: पाण्यात उकळण्याऐवजी छिद्रांच्या भांड्यात ठेवून वाफ देणं. त्यांचं आणि आपलं दुखणं एकच.

तपासणी. झाऱ्याने वरून आणि बाजूने भात काढा. बहुतेक दाण्यांचं तूस टोकाशी जरासं उकललेलं दिसलं की झालं. तूस पूर्ण फाकून दाणा बाहेर डोकावत असेल तर वाफ जास्त झाली. तांदूळ काळपट आणि वातड होईल. तूस अजिबात उकललं नसेल तर वाफ कमी; सोललेल्या तांदळाच्या पोटात पांढरं राहील आणि तो तिथेच तुटेल.

झालं की लगेच उपसा. टोपात ठेवून चहा प्यायला गेलात, तर तेवढ्या वेळात आणखी एक रंग चढतो.

सावध. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, वाफ तोंडावर यायची नाही. नायलॉनची साडी, मोकळा पदर नको. टोप उचलायचा तर कड्यांतून दांडा घालून दोघींनी. खरं तर उचलूच नका, घमेल्याने उपसा. आमच्या गटातल्या कंबरदुखीचं निम्मं कारण हा टोप होता.

## टप्पा ५: वाळवणं, दोन वेळा, मध्ये विश्रांती

टोपातून निघालेल्या भातात ओल साधारण ३० ते ३५ टक्के असते. ती १३-१४वर आणायची आहे. एका दिवसात, कडक उन्हात, एका दमात आणली की दाणा तडकतो. पण सुरुवातीपासून तडकत नाही, हे समजून घ्या. ओल १८ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत दाणा ऊन सोसतो. त्यानंतर बाहेरचा भाग सुकून आवळतो, आत ओल अडकते, आणि साधारण १६च्या खाली या ओढाताणीत रेघ पडते. म्हणून १८वर थांबायचं, आतली ओल बाहेर यायला वेळ द्यायचा आणि मग उरलेलं वाळवायचं.

पहिली वाळवण. सकाळी आठपर्यंत भात पसरलेलं हवं. म्हणजे वाफ पहाटे पाचला आणि भिजवण आदल्या मध्यरात्री. पाळ्या लावून घ्या. दर वेळी एकाच घरातल्या सुनेच्या झोपेवर गट चालवू नका. थर दोन बोटांचा, दर अर्ध्या तासाने दाताळ्याने किंवा पायाने फिरवायचा. जागा सिमेंटची किंवा स्वच्छ ताडपत्रीची. शेणाने सारवलेलं खळं घरच्यासाठी ठीक, विक्रीच्या ओल्या भाताला माती-शेणाचे कण चिकटतात. काळी ताडपत्री दुपारी फार तापते, ती टाळा. कोंबड्यांना राखायला कोणीतरी लागतंच.

जाळीच्या पिशवीतलं भात शेजारीच एका परातीत तेवढ्याच थरात पसरा, तेवढ्याच वेळा फिरवा. दोन तासांनंतर दर अर्ध्या तासाने त्याचं वजन करा. कोरडं होतं तेव्हा ते १ किलो होतं. १ किलो ६० ग्रॅमवर आलं की पहिली वाळवण संपली. चांगल्या उन्हात तीन-चार तासांत येतं. त्या वेळी ऊन कितीही छान पडलेलं असो, भात गोळा करायचं. नवीन बायकांना नेमकं हेच पटत नाही. "एवढा ऊन फुकट घालवतंस?" हे मी चार वर्षं ऐकतेय.

विश्रांती. पडवीत किंवा मांगरात रास करा, वर गोणपाट. निदान सहा तास, रात्रभर ठेवलंत तर उत्तम. प्लास्टिकने झाकू नका, घाम धरतं. हात घातल्यावर रास गरम लागली तर एकदा खालीवर करा.

दुसरी वाळवण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात, किंवा हवेशीर सावलीत, दोन-तीन तास. दुपारी बारा ते तीन उन्हात नाहीच. परातीतलं भात पुन्हा १ किलोवर आलं की वाळलं. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे चालेल. दाताखाली दाणा 'कट्ट' तुटला पाहिजे, चेपता कामा नये. मग गोणीत भरून एक-दोन दिवस ठेवा, नंतरच गिरण.

तपासणी. कुठूनही शंभर दाणे हाताने सोला, मोबाइलच्या टॉर्चवर धरा. आडवी रेघ असलेले दाणे मोजा. पाच-सातपर्यंत ठीक. वीस निघाले तर ते भात घरच्या कणगीत टाका, गिरणवाल्याशी भांडायला जाऊ नका.

पाऊस आला तर? पहिल्या वाळवणीच्या मधेच आभाळ आलं तर छपराखाली पातळ पसरा, पंखा लावा, फिरवत राहा. ओली रास करून रात्र काढली की सकाळी वास येतो आणि तो घाणा विक्रीतून गेला.

## टप्पा ६: गिरण

हलर आणि रबर रोल यांतला फरक गटातल्या प्रत्येकीला माहीत हवा. हलर एकाच खोक्यात तूसही काढतो आणि तांदूळही घासतो. कणी जास्त, शिवाय तूस आणि कोंडा मिसळून पडतात. रबर रोलवर तूस आधी वेगळं निघतं, पॉलिश नंतर. शंभर किलो भातात तूस साधारण वीस किलो असतं, म्हणजे कणी धरून तांदूळ सत्तरच्या आसपासच मिळणार. कोणी पंचाहत्तर सांगत असेल तर काटा तपासा.

- आपली पाळी आधी ठरवून घ्या. आधी कोणाचा सुरय (न उकडलेला) तांदूळ भरडला असेल तर यंत्रात उरलेला पांढरा दाणा आपल्यात येतो. पहिले दोन किलो वेगळे काढा.
- आधी दहा किलो घाला, बघा, मग बाकीचं.
- पॉलिश एकदाच, हलकं. लाल तांदळाचा लाल रंग कोंड्याच्या थरात असतो. दुसऱ्यांदा घासलं की रंगही गेला आणि भावही.
- निघालेला तांदूळ हाताला चटका लागेल इतका गरम असेल तर दाब कमी करायला सांगा. उकड्याचा कोंडा तेलकट असतो, चाळणीला चिकटतो. ती मधेच साफ करायला लावा.

कोंडा गिरणवाल्याकडे "राहू दे" म्हणून सोडू नका. भरडाईत कोंडा धरलेला असेल तर तसं आधी ठरवा आणि वहीत लिहा.

## टप्पा ७: चाळणं, भरणं

तांदूळ रात्रभर परातीत किंवा स्वच्छ कापडावर गार होऊ द्या. गरम तांदूळ पाकिटात भरला की आत बाष्प, आठ दिवसांत जाळी आणि किडे. चाळणीने कणी वेगळी करा, सुपाने पाखडा, काळे दाणे निवडा. कणी टाकाऊ नाही. घावन-आंबोळीच्या पिठाला तिला वेगळं गिऱ्हाईक आहे.

पाकिटावर: तांदळाची जात, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, घाण्याचा क्रमांक, किंमत, गटाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, हिरवी शाकाहारी खूण. क्रमांक मिळायच्या आधी पाकिटं छापून घेऊ नका. जीएसटीबद्दलही हिशेबनिसाला विचारून घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटबंद तांदळावर ५ टक्के कर आला; मात्र नोंदणी करावी लागते का, हे गटाच्या उलाढालीवर ठरतं.

## टप्पा ८: भाव काढणं, आणि पैसे कोणाच्या हातात

भाव "बाजारात काय चाललंय" यावरून ठरवू नका. आधी आपला खर्च काढा. आकडे उदाहरणाचे, तुमचे तुम्ही घाला: १०० किलो भात २,५०० रुपये, जळण १५०, भरडाई २५०, बायकांची मजुरी ९००, पाकिटं ३००. एकूण ४,१००. नीट वाळवलेल्या भातातून ६६ किलो तांदूळ, ३ किलो कणी (२५च्या भावाने ७५), ६ किलो कोंडा (१५ने ९०). तांदूळ पडला किलोला साठ रुपयांच्या जरा खाली.

आता तेच भात एका दिवसात कडक वाळवलं असं धरा: तांदूळ ५८ किलो, कणी १० किलो. कणीचे २५० आणि कोंड्याचे ९० वजा करूनही तांदूळ पडतो पासष्टला. किलोमागे पाच रुपये खळ्यावरच सांडले.

या हिशेबात दोन रकाने हमखास गाळले जातात. एक मजुरी: "आमचीच तर बायकामाणसं" म्हणून शून्य लिहितात आणि मग नफा झाल्यासारखा दिसतो. दुसरा, घरच्या भाताची किंमत. सातबारा सासऱ्याच्या नावावर, भात घरातलं, काम सुनेचं, अशा वेळी गटाने ते भात त्या दिवसाच्या भावाने रीतसर विकत घ्यावं. भाताचे पैसे घराला, मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात. दोन्ही एकत्र दिले की मजुरी कुठे गेली ते तिलाही सांगता येत नाही.

## वही

प्रत्येक घाण्याला एक ओळ: क्रमांक, जात, कोणाचं भात, भिजवलं किती वाजता, पाणी काढलं किती वाजता, वाफ किती मिनिटं, दोन्ही वाळवणींची वजनं, गिरणीत दिलं किती, आलं किती, त्या दिवशी कोण कोण होतं.

गेल्या मे महिन्यात एक मुंबईकर पाच किलोचं पाकीट परत घेऊन आले: तांदळाला वास येतो. पाकिटावर घाणा २३. वहीत २३ची ओळ काढली, तर भिजवलं रात्री नऊला, पाणी काढलं सकाळी अकराला. त्या दिवशी वाडीत लग्न होतं. त्या घाण्याची उरलेली सात पाकिटं कपाटातून काढली आणि गुरांच्या आंबोणात गेली.